कानसेनने निवडलेला अ‍ॅम्प्लिफायर

कवळीकाकांच्या स्वतःच्या तोंडात कवळी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही भलतंच समजून बसाल. त्यांचे दात ठणठणीत होते. ते कवळ्या बनवायचे. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची आणि काकांकडून दात जायचे, एवढाच त्यांचा जन्मभराचा व्यवहार. एका इमारतीच्या मागच्या अंगाला त्यांची छोटी लॅब होती. आत प्लास्टरची पांढरी भुकटी, गरम मेणाचा वास आणि दात घासायच्या यंत्राची किर्रर्र. ती किर्रर्र दिवसभर कानाशी. त्यामुळे संध्याकाळी घरी आल्यावर बायकोला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची. दुसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज चढायचा, मग "ओरडतेस कशाला?" म्हणून काका चढायचे, आणि जेवणं घुश्शात व्हायची.

धंद्यात माणूस पक्का. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कुणासाठी मोडला नाही. कवळी आधी मेणात जमवायची. मेणातले दात माणसाच्या तोंडात बसवून बघायचे, त्याला निळा कागद चावायला द्यायचा. जिथे वरचा दात खालच्यावर जास्त आपटतो तिथे गडद निळा ठिपका उठतो. तो ठिपका हलका होईपर्यंत घासायचं, आणि मगच पुढचं पक्कं काम. डॉक्टर कितीही घाई करोत, काका म्हणायचे, "दिसायला मोत्यासारखे असतील हो, पण वरच्याचं खालच्याशी जमलं नाही तर माणूस जेवताना रडेल. आधी मेणात बघू."

आता पुढे काय झालं ते ऐकताना हा नियम ध्यानात ठेवा.

एक डॉक्टर म्हातारपणी गाशा गुंडाळून मुलाकडे राहायला निघाले. जाताना त्यांनी काकांना बोलावलं आणि दिवाणखान्यातल्या दोन वस्तूंकडे बोट दाखवून म्हणाले, "हे मी कुणालाही देणार नाही. तुम्ही सांभाळाल." माणसापेक्षा उंच, दाराच्या फळीएवढे रुंद आणि जाडीला जेमतेम वीतभर असे ते दोन स्पीकर होते. नेहमीच्या स्पीकरसारखा आत गोल कर्णा नाही, काही नाही. भोकाभोकांचे दोन पत्रे, त्यांच्या मध्ये कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा एक पडदा ताणलेला, त्याला विजेचा मोठा दाब दिलेला. तो अख्खा पडदाच थरथरतो आणि आवाज काढतो. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर म्हणतात त्यांना. काका म्हणायचे पडदे. बायको म्हणायची दारं. "दारं असून कुठे उघडत नाहीत, आणि खिडकीचा उजेड तेवढा अडवतात," हे तिचं पहिल्या दिवसापासूनचं मत.

पडद्यांबरोबर डॉक्टरांनी त्यांना चालवणारा अ‍ॅम्प्लिफायरही दिला. जुना, लोखंडी, काचेच्या दिव्यांचा, उचलताना कंबर धरेल असा. पण त्याचं आणि पडद्यांचं असं काही जमलं होतं की काय सांगू! पहिल्या संध्याकाळी काकांनी एका बाईच्या गाण्याची तबकडी लावली आणि गाणं सुरू व्हायच्या आधी तिने घेतलेला श्वास ऐकला. श्वास! बाई समोर उभी होती, भिंतीपाशी, हात लांब केला तर लागेल इतकी. दिवसभर किर्रर्र ऐकून किटलेले ते कान. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना त्याची लाजही वाटली नाही.

एक खोड मात्र होती. हे पडदे आवाज सरळ समोर फेकतात, टॉर्चच्या झोतासारखा. त्यामुळे अख्ख्या खोलीत खरं गाणं फक्त एकाच जागी ऐकू येतं. त्या जागी काकांनी एक लाकडी खुर्ची ठेवली. खुर्चीतून मान जरा वाकडी केली की गाणारी बाई भिंतीत शिरायची. खुर्ची हलू नये म्हणून काकांनी जमिनीवर तिच्या चार पायांच्या खुणा केल्या. बायको झाडताना खुर्ची सरकवायची, काका परत खुणांवर आणायचे, आणि दोघंही त्याबद्दल काही बोलायची नाहीत.

त्या खुर्चीत काकांशिवाय एकच माणूस बसायचा. कानसेन.

कानसेन हे रेडिओ केंद्रातून निवृत्त झालेले साउंड इंजिनिअर. आवाजाचे शौकीन जेवढे होते त्या सगळ्यांत त्यांचा शब्द शेवटचा. कुणी काय विकत घ्यावं, कुणी काय फेकून द्यावं, कुठल्या तारेला कुठली तार जोडावी, सगळं कानसेन सांगणार आणि लोक माना डोलावणार. काकांची त्यांची ओळख दातांवरूनच झाली. दाढा गेल्या, अर्धी कवळी काकांनी केली, ती बसली, आणि गप्पांत पडद्यांचा विषय निघाला. पहिल्या रविवारी अहो-जाहो होतं, थोड्याच दिवसांत अरे-तुरेवर आलं. मग दर रविवारी दुपारी कानसेन हजर. एक तबकडी काका खुर्चीत आणि कानसेन बाजूला उभे, पुढची तबकडी कानसेन खुर्चीत आणि काका उभे. तबकडी संपली की कानसेन डोळे न उघडता म्हणायचे, "ऐकलंस? तिसऱ्या ओळीत ती जरा हसली." आणि काकांना वाटायचं, आपल्याला सख्खा भाऊ नाही ते बरंच झालं, असता तरी असा नसता.

बायको चहा आणून ठेवायची. "वहिनी, चहा म्हणजे तुमच्या हातचा," कानसेन म्हणायचे. "भाऊजी, तुम्ही तरी यांना सांगा, जरा दार उघडून बसत जा, कोंडून घेतात," ती म्हणायची. सगळे हसायचे. काका म्हणाल तर जन्मात एवढे सुखी कधी नव्हते.

मग जुना अ‍ॅम्प्लिफायर भुणभुणायला लागला.

आधी बारीक, डास फिरल्यासारखं. मग गाण्याच्या मागे कायमचं. काकांनी कानसेनना दाखवला. कानसेननी झाकण काढलं, आत वाकून पाहिलं, वास घेतला, आणि मान हलवली. "याचा ट्रान्सफॉर्मर गेलाय रे. आता यात जीव नाही. एखाद्या दिवशी पडद्यांना घेऊन जाईल. नवीन बघ."

नवीन बघ म्हणणं सोपं. या पडद्यांसाठी अ‍ॅम्प निवडणं म्हणजे पोरीसाठी स्थळ बघण्यापेक्षा अवघड काम. खालच्या सुरांना हे पडदे अगदी शहाण्यासारखे वागतात, थोडक्यात भागवतात. पण सूर जसजसा वर चढतो तसतशी त्यांची भूक वाढते, आणि अगदी वरच्या टोकाला तर ते अ‍ॅम्पकडून इतकी वीज ओढतात की भले भले अ‍ॅम्प गांगरतात. काही शिटी मारायला लागतात, काही घाबरून स्वतःच बंद पडतात. अंगावर ताकदीचा आकडा केवढाही मोठा लिहिलेला असो, त्याचा काही उपयोग नाही. भार झेलताना डोकं शांत ठेवणारा पाहिजे. काकांना हे कळत होतं. त्यांनी वाचलं होतं, चार लोकांना विचारलं होतं, दोन नावं मनाशी धरलीही होती. पण कानसेन म्हणाले तिसरंच. एक मोठा, काळा, चकचकीत, ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प. "हाच. डोळे मिटून घे."

"अरे, पण हा वर चढल्यावर टिकेल ना? भार जरा वेगळा आहे आपला."

"मी रेडिओत काय गवत उपटत होतो?"

"तसं नाही. मी म्हणत होतो, आधी एकदा घरी आणून लावून बघू. दुकानदार देईल."

कानसेननी चहाचा कप खाली ठेवला. "माझ्यावर विश्वास ठेव. याहून चांगला बसणारच नाही. का, आता माझ्या शब्दालाही मेणात बसवून बघणार?"

काका ओशाळले. ज्या माणसाने आयुष्यात एक कवळी मेणात बघितल्याशिवाय पक्की केली नाही, त्या माणसाने मित्राच्या शब्दावर अ‍ॅम्प घेतला. आणि वर जुना अ‍ॅम्प घरातून काढलाही. "माझ्याकडे दे, मी लावतो विल्हेवाट. उगाच घरात अडगळ," कानसेन म्हणाले. काकांनी तो स्वतः उचलून त्यांच्या गाडीत ठेवला. कंबर धरली ती वेगळीच.

नवा अ‍ॅम्प आला. लावला. तीच तबकडी. बाईने श्वास घेतला, गाणं सुरू झालं, काका खुर्चीत सैल झाले. बाई वर चढली, त्या ओळीच्या अगदी टोकाला गेली, आणि खट्! शांत. अ‍ॅम्पवरचा लाल दिवा लागला. काकांनी बंद करून चालू केला. परत तीच ओळ, परत खट्. दुसरी तबकडी लावली, तिथेही वरच्या सुराला खट्. काका हात चोळत बसले. तारा तपासल्या, जागा बदलली, पडदे पुसले. शेवटी कानसेनना फोन.

कानसेन आले. खुर्चीत बसले. ऐकलं. उठून पडद्यापाशी गेले, पत्र्याला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अ‍ॅम्पची काही चूक नाही रे. पडदे गेले. ते आतून फुटताहेत, म्हणून अ‍ॅम्प बिचारा स्वतःला वाचवतोय."

"गेले म्हणजे? परवापर्यंत तर..."

"पडद्यांनाही वय असतं."

एकदा त्यांच्या मनात आलं, की हा अ‍ॅम्पच वरच्या सुराला घाबरतोय, पडदे नाही. ओठांवरही आलं होतं. पण समोर कानसेन उभे होते, डोळे भरलेले होते त्यांचे, आणि अशा माणसाला काय म्हणायचं? काकांनी शब्द गिळला. बायको दारात चहा घेऊन उभी होती. ती आत आली नाही. कप तिथेच स्टुलावर ठेवून गेली. हे काकांना तेव्हा दिसलं, पण खटकलं नाही. खटकलं ते फार पुढे.

"सुटे भाग घेणारा एक माणूस आहे माझ्या ओळखीचा," कानसेन म्हणाले. "नीट घेऊन जाईल. भंगारात नको घालूस."

काकांनी जुन्या चादरी काढल्या आणि दोन्ही पडदे स्वतःच्या हाताने गुंडाळले. कोपरे दुमडून, दोरी बांधून. गाडी आली, गेली. खोली एकदम मोठी झाली. खिडकीतून सगळा उजेड आत आला आणि जमिनीवर खुर्चीच्या पायांच्या चार खुणा तेवढ्या राहिल्या. नवा अ‍ॅम्प दुकानात परत गेला. दुकानदार कुरकुरला, पण घेतला.

थोड्याच दिवसांत मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी राहायला आली. नवरा कामासाठी दूर गेला होता, तो येईपर्यंत. त्याच खोलीत पाळणा लागला. काका नातीला मांडीवर घ्यायचे, तिच्या टाळूचा वास घ्यायचे, आणि म्हणायचे, "बरं झालं बाई, दारं गेली ती. तुला कुठे ठेवलं असतं?" हे ते मनापासून म्हणायचे. खुर्चीवर बाळाचे कपडे वाळत पडलेले असायचे. रविवार मात्र अंगावर यायचा. कानसेन आता फारसे येत नव्हते. ऐकायलाच काही नाही तर यायचं कशाला, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली.

मग कानसेनचे उरलेले दातही हलायला लागले. डॉक्टरांनी काढले, आणि पूर्ण कवळीचं माप काकांकडे आलं. काकांनी जीव ओतून काम केलं. आपल्या माणसाचं तोंड! मेणातले दात तयार झाल्यावर खरं म्हणजे ते डॉक्टरांकडे पाठवायचे असतात. पण डॉक्टर गावाला गेले होते, आणि काकांना वाटलं, चला, आपणच घेऊन जाऊ, तेवढीच भेट होईल. न कळवता, भर दुपारी, मेणातले दात डबीत घालून काका निघाले.

कानसेनचं घर जिन्याच्या टोकाला. काका कठड्याला धरून चढत होते आणि वरून एका बाईने श्वास घेतला.

काकांचा पाय पायरीवरच थांबला.

तीच तबकडी. असेल, कानसेनकडेही ती आहे. पण तो श्वास? तो श्वास कुठल्याही डबड्या स्पीकरमधून जिन्यापर्यंत येत नाही. काका कठडा घट्ट धरून उभे राहिले. गाणं पुढे सरकलं. बाई वर चढायला लागली. काका त्या ओळीच्या टोकाची वाट बघत होते, ते खट् ऐकायला कान टवकारून. त्यांनी मनात अक्षरशः विनवणी केली, बंद पड, बाबा, बंद पड. बाई टोकाला गेली. स्वच्छ, भरून, जराही न कचरता, आणि अलगद खाली उतरली.

दार नुसतं लोटलेलं होतं. काकांनी ढकललं.

समोर पडदे उभे होते. दोन्ही. एकाच्या पायाशी काकांच्याच चादरीची दोरी अजून गुंडाळून ठेवलेली. मध्ये तो जुना लोखंडी अ‍ॅम्प, काचेचे दिवे मंद पेटलेले, भुणभुण नावालाही नाही. आणि मधोमध खुर्चीत, डोळे मिटून, बोळकं उघडं टाकून, कानसेन.

इथून पुढे या माणसाला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही. माफ करा.

त्याने डोळे उघडले. काकांना बघून त्याचा चेहरा असा पडला की कुणाला दया यावी. काकांना आली नाही. त्यांची दातखीळ बसली होती.

"बस," कानसेन म्हणाला. दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत बाहेर पडत होते. "बस ना. सांगतो."

"अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर गेला होता."

"नव्हता. दोन लहान भाग बदलले. भुणभुण गेली."

"पडदे फुटले होते."

कानसेनने मांडीवरचं तबकडीचं पाकीट बाजूला ठेवलं.

"तुला माहीत होतं तो काळा अ‍ॅम्प यांना झेपणार नाही."

"वहिनी आल्या होत्या माझ्याकडे," तो म्हणाला. "मुलगी येणार, बाळ येणार, आणि त्या खोलीत हे एवढ्या दाबाचं विजेचं प्रकरण. तुला सांगून तू ऐकत नव्हतास. म्हणाल्या, भाऊजी, तुमचं ते ऐकतात. मी म्हटलं, नुसतं सांगून तो हलायचा नाही. त्याने स्वतःच म्हणायला हवं की गेले, संपले. मग नाही वाईट वाटणार."

"आणि तुझ्याकडे कसे आले?"

कानसेनने जमिनीकडे बघितलं. "दुसऱ्या कुणाला द्यायला जीव होईना. अरे, जन्मभर मी आवाज ऐकला तो लोकांसाठी. स्टुडिओच्या काचेआडून. तुझ्याकडे येऊन अर्धा वेळ बसायचो, तू म्हणालास की उठायचो. मला एकदा, एकट्याला... सांगणार होतो तुला. खरंच सांगणार होतो."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते काकांना त्या दुपारी समजलं. भांडून पडदे नेले असते तर काकांनी चार शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते. याने पडदे मेले हे काकांच्या गळी उतरवलं, काकांच्याच हाताने चादरी गुंडाळून घेतल्या आणि खांद्यावर हात ठेवून स्वतःच्या डोळ्यांत पाणी आणलं.

काका काहीतरी भयंकर बोलणार होते. पण तबकडीवर पुढचं गाणं सुरू झालं, आणि काकांचं लक्ष, काय म्हणावं या माणसाला, खुर्चीकडे गेलं. खुर्ची फार पुढे होती. बाई दोन तुकड्यांत ऐकू येत होती, अर्धी या पडद्यात, अर्धी त्या.

"ऊठ," काका म्हणाले.

कानसेन उठला. मार खायच्या तयारीत उभा राहिला. काकांनी खुर्ची धरली, मागे ओढली, जरा उजवीकडे घेतली, परत किंचित मागे. मग ते खाली बसले. डबी मांडीवर धरून, ताठ.

बाई आली. समोर उभी राहिली. हात लांब केला तर लागेल इतकी जवळ, अगदी तशीच, जशी ती काकांच्या घरी इतकी वर्षं उभी राहायची. तिसऱ्या ओळीत जरा हसलीसुद्धा. इतका वेळ काकांना कुठेतरी वाटत होतं की परक्या घरात, चोराच्या घरात, ते पडदे थोडे तरी वेगळे वाजतील, थोडे तरी बिचकतील. काही नाही. ते याच्यासाठीही तसेच गात होते. त्यांना काडीचाही फरक पडला नव्हता. हे मात्र काकांना सोसलं नाही. ते उठले आणि जिना उतरले. डबी हातातच राहिली.

घरी बायको बाळाचे कपडे घडी करत होती. काका दारातच उभे राहिले. "तू त्याच्याकडे गेली होतीस."

ती लगेच समजली. हातातला कपडा तसाच राहिला. "गेले होते."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. दोनदा. तुम्ही त्या खुर्चीत बसला होता, आणि हाताने थांब म्हणालात." ती खाली बसली. "मी फक्त म्हटलं की खोली मोकळी व्हायला हवी. कसं करायचं ते भाऊजींवर सोडलं. ते म्हणाले, एका शाळेला देतो, मुलं गाणी ऐकतील. मला बरं वाटलं होतं."

"त्याच्या घरात आहेत. आत्ता ऐकून आलो."

बायकोने तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मलाही फसवलं." काकांना तिचा राग होता, चांगलाच राग होता, पण तिचं ते वाक्य ऐकून त्यांना एवढंच कळलं की या घरात फसलेली माणसं दोन आहेत आणि दोघांनाही एकमेकांचं तोंड बघवत नाहीये. आतून मुलीने विचारलं, "काय झालं गं आई?" "काही नाही," दोघं एकदम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काका लॅबमध्ये गेले. डॉक्टर परत आले होते. मेणातले दात त्यांच्याकडे गेले, तपासून आले, आणि पक्क्या कवळीचं काम सुरू झालं. इतकी वर्षं मनगटात मुरलेलं काम, आपोआप होत गेलं. कवळी तयार झाली. काकांनी ती लोखंडी जबड्याच्या साच्यात बसवली, मध्ये निळा कागद धरला आणि साचा मिटला. उघडला. डावीकडच्या मागच्या दाढेवर एक गडद निळा ठिपका.

नेहमीचंच होतं. काम पक्कं होताना जरा इकडेतिकडे होतंच. दोन मिनिटं घासलं की संपलं. काकांनी घासायचं यंत्र हातात घेतलं, किर्रर्र सुरू केलं. आणि बंद केलं.

त्यांनी काही बिघडवलं नाही, हे ते स्वतःला बजावत होते. मुद्दाम एक कणही वाढवला नाही. फक्त तो ठिपका घासला नाही. कवळी लावणाऱ्याला आधी काही जाणवणार नाही. मग जबडा दुखेल, हिरडीला फोड येईल, घास चावताना कट् वाजेल. मग कानसेन येईल, गाल धरून येईल, की बघ रे, काय चुकतंय. आणि मग काका त्याच्या खांद्यावर हात ठेवणार होते. वाक्य त्यांनी तयार ठेवलं होतं. 'कवळीची काही चूक नाही रे. जबड्यालाही वय असतं.' कवळी पुसताना, डबीत घालताना, डॉक्टरांकडे पाठवताना ते हे वाक्य मनात घोळवत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली.

पण कानसेन आला नाही. काका वाट बघत राहिले. डॉक्टरांना आडून विचारलं, तर ते म्हणाले, "त्यांची काही तक्रार नाही. खूश आहेत." हे ऐकून काका दिवसभर दात-ओठ खात होते.

शेवटी एका संध्याकाळी लॅब बंद करताना तो समोरून आला. चुकवता येण्यासारखं नव्हतं. गाल आत गेले होते. ओठाचा डावा कोपरा सुजला होता आणि त्यावर औषधाचा जांभळा डाग होता. काकांनी एका नजरेत ओळखलं. हा माणूस बरेच दिवस नीट जेवलेला नव्हता.

"कशी बसलीये?" काकांनी विचारलं. आवाज कोरडा ठेवला. आता म्हण. दुखतंय म्हण.

कानसेनने त्यांच्याकडे बघितलं. सरळ डोळ्यांत. त्याला सगळं कळलं होतं. ज्याला तिसऱ्या ओळीतलं हसू ऐकू यायचं, त्याला स्वतःच्या तोंडातलं कट् ऐकू येत नसेल? आणि ते कुणी ठेवलं, का ठेवलं, हेही त्याला कळलं होतं.

"छान," तो म्हणाला. दाढ दाढेवर आपटली, कट्. "खरंच सांगतो. याहून चांगली बसणारच नाही."

तोच आवाज. अ‍ॅम्प घेताना होता तोच, ठाम, मायेचा, डोळे मिटून विश्वास ठेवावा असा. त्या कवळीबद्दल काका काही म्हणजे काही बोलू शकत नव्हते. ज्याला दुखत नाही त्याच्या खांद्यावर हात कुठून ठेवणार?

"दुखत असेल तर आण. घासून देतो," काकांच्या तोंडून निघून गेलं. का निघालं, कोण जाणे.

"छे, छे. दुखतंय कुठे?" कानसेन म्हणाला, आणि सुजलेल्या ओठाने जमेल तेवढं हसला. मग तो पुढे गेला. घराकडे. त्या दोन पडद्यांकडे.

काका कुलपाची किल्ली हातात धरून उभे राहिले. पुन्हा एकदा तो तोंडावर खोटं बोलून गेला होता, आणि या वेळी त्याने खोटं बोलून काकांकडून त्यांचा सूडही काढून नेला होता. वाक्य जिभेवर तसंच राहिलं. काकांनी कुलूप परत उघडलं, आत गेले, दिवा लावला. टेबलावर तो निळा कागद अजून पडलेला होता. त्यांनी तो उचलला, मागच्या दाढांमध्ये धरला आणि चावला. घट्ट. मग काढून दिव्याखाली बघितला. सगळीकडे सारखे ठसे होते, कुठेही गडद ठिपका नव्हता. त्यांचे स्वतःचे दात अजूनही अगदी ठणठणीत होते.